बेसचा आवाज कमी का पडतो

गिटारवाल्याकडे ३० वॅटचा ॲम्प असतो, बेसवाल्याकडे १०० वॅटचा, आणि ड्रमरने हात मोकळा सोडला की ऐकू येईनासा होतो तो बेसच. मग बेसवाला व्हॉल्यूम चढवतो. खिडकीची तावदानं थरथरतात, स्पीकर फडफडायला लागतो, पण कोणता सूर वाजतोय ते काही केल्या कळत नाही. त्यानंतरचं वाक्य ठरलेलं: ‘आपल्याला मोठा ॲम्प घ्यायला लागणार.’ नवीन बँड उभा करणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि त्यापायी घरच्यांकडून मागून आणलेले, पै-पै करून साठवलेले पैसे चुकीच्या जागी गेलेलेही पाहिलेत. बऱ्याचदा मोठ्या ॲम्पची गरजच नसते. जिथे असते तिथेही जास्त वॅट घेणं हा सगळ्यांत शेवटचा उपाय.

आधी कानाकडे पाहू, कारण घोळाची सुरुवात तिथे आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यांत जाड तार, ई, मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या बेसवरची बी तर ३१ वेळाच. या पट्टीत आपला कान फार मंद आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसांना वेगवेगळ्या उंचीचे स्वर ऐकवले आणि कोणता स्वर किती जोरात वाजवला की दुसऱ्याइतकाच मोठा वाटतो, हे मोजलं. त्यातून निघालेले आलेख पुढे अनेकदा सुधारले गेले. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या आलेखानुसार १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलच्या वर जावं लागतं. ४० डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीच्या हिशेबात दहा हजार पट. जोरात वाजवताना ही तफावत बरीच कमी होते, पण पुरती मिटत नाही. गिटारचा मुख्य आवाज कान जिथे तल्लख आहे तिथेच पडतो. बेसच्या मूळ स्वराला कानापर्यंत पोचायलाच प्रचंड ताकद लागते. ३० वॅटची गिटार १०० वॅटच्या बेसला झाकून टाकते ती यामुळे.

आता वॅटचं गणित. ॲम्पची ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ३ डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल इतपत फरक. ‘दुप्पट मोठा’ असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. १०० वॅटचा ॲम्प विकून २०० चा आणला आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर बँडमधल्या इतरांना पत्ताही लागणार नाही. खरोखर दुप्पट आवाज हवा असेल तर १००० वॅट हवेत, आणि ते सोसणारे स्पीकरही.

याच गणितात ‘बेस’ लिहिलेल्या बटणाचा सापळा दडलेला आहे. ऐकू येत नाही म्हटल्यावर हात पहिल्यांदा जातो तो या बटणाकडे. बहुतेक ॲम्पवर ते पूर्ण फिरवलं की खालच्या पट्टीत १० ते १५ डेसिबलची भर पडते. १० धरले तरी त्या पट्टीत ॲम्पकडून दहापट वॅट मागितले जातात. तोवर १० वॅटवर आरामात चाललेला १०० वॅटचा ॲम्प एका बटणासरशी आपल्या मर्यादेला जाऊन भिडतो. एवढं करून ही सगळी ताकद खर्ची पडते ती कान सर्वांत मंद असलेल्या जागी. खोली घुमते, सूर हरवतो, आणि ॲम्प कमी पडला असा निष्कर्ष निघतो.

मग बेस ऐकू येतो तरी कशामुळे? याचं उत्तर तानपुऱ्यासमोर बसलेल्या कुणालाही माहीत आहे. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. तार वाजते तेव्हा मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही चालू असतात. तो स्वयंभू गंधार म्हणजे त्यातलं पाचपट कंपन. बेसची ई तारही तशीच. ४१ बरोबर ८२, १२४, १६५, २०६ आणि त्याच्याही वरचे उपस्वर तिच्यातून निघत असतात, आणि पिकअपमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये दुसरा किंवा तिसरा उपस्वर अनेकदा मूळ स्वरापेक्षा जोरकस असतो. त्यात मेंदूचीही मदत होते. मूळ स्वर गायब असला आणि वरचे उपस्वर ओळीने हजर असले, तर मेंदू तो खालचा स्वर आपणहून भरून घेतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी घरोघरी पोचली ती तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवरून, आणि तरी बेसची चाल लोकांना ऐकू आली. त्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. टोनची सगळी बटणं मधोमध आणावीत, बँड सुरू करावा, आणि वाजत असतानाच बेसचं बटण थोडं मागे घेऊन मिडचं हळूहळू वर न्यावं. मिडची फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर २५० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान शोधावं. एखाद्या जागी बेस अचानक सगळ्यांच्या मधून वाट काढून पुढे येतो. तीच आपली जागा. याच टोनवर एकट्याने वाजवून पाहिलं तर तो नाकातला आणि कोरडा वाटेल, आणि तिथेच अनेकांचा धीर सुटतो. घरी एकट्याने लावलेला गोड टोन, म्हणजे खाली भरपूर, वर चकचकीत आणि मध्ये खड्डा, बँडमध्ये नाहीसा होतो. खालची जागा किक ड्रमने घेतलेली असते, वरची सिंबल्सनी, आणि मधल्या खड्ड्यात गिटार येऊन बसते. बेसचा टोन बँड वाजत असतानाच ठरवावा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे गेन आणि मास्टर यांचा मेळ. बऱ्याच ॲम्पवर ही दोन बटणं वेगळी असतात आणि बरेच जण गेन खाली ठेवून मास्टर शेवटपर्यंत फिरवतात. मग सुसकारा भरपूर आणि आवाज बेताचा. उलट करावं. बेस गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण, मास्टर खाली, आणि आपण कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवतो तितक्याच जोरात छेडत गेन चढवावा. क्लिपचा लाल दिवा अगदी जोरदार सुरालाच जेमतेम लुकलुकला की थांबावं. मग मास्टर. बेस ॲक्टिव्ह असेल तर आतली ९ व्होल्टची बॅटरी आधी बदलून पाहावी. केबल बेस गिटारमध्ये तशीच खोचून ठेवली की वाजवत नसतानाही ती बॅटरी झिजत राहते, आणि उतरलेल्या बॅटरीचा बसका, फाटका आवाज ॲम्पच्या माथी मारला जातो. तारा किती महिन्यांच्या आहेत तेही पाहावं. मेलेल्या तारेतून वरचे उपस्वर निघतच नाहीत, आणि ऐकू येण्याची सगळी भिस्त त्यांच्यावर आहे.

कंप्रेसरबद्दल थोडक्यात. बोटाने छेडलेल्या सुराचा पहिला फटका नंतर टिकणाऱ्या आवाजापेक्षा कितीतरी उंच असतो, आणि स्लॅप वाजवणाऱ्याच्या बाबतीत तर फारच. ॲम्पची मर्यादा त्या क्षणभराच्या फटक्यात संपते, पण कान मोठेपणा ठरवतो तो सरासरीवरून. कंप्रेसरने ही टोकं थोडी दाबली की त्याच ॲम्पमधून सरासरी आवाज वर नेता येतो. हात स्थिर असलेल्या वादकाला हे पेडलशिवायही साधतं.

एवढं करूनही कमी पडलं, तर मात्र प्रश्न हवेचा आहे, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्पीकरचं काम शेवटी एकच: हवा ढकलणं. स्वर जितका खालचा तितकी जास्त हवा हलवावी लागते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या कोनला चौपट अंतर मागेपुढे सरकावं लागतं. आकडे मांडून पाहू. बंद पेटीतला स्पीकर जमिनीवर ठेवलाय आणि १ मीटरवर ४१ हर्ट्झचा मूळ स्वर १०० डेसिबलने हवा आहे. ड्रमसेटशेजारी १०० डेसिबल ही काही अवाच्या सवा मागणी नव्हे. ८ इंची एकट्या स्पीकरला यासाठी मधल्या जागेपासून दोन्हीकडे सुमारे १ सेंटिमीटर हलावं लागेल. सरावाच्या लहान ॲम्पमधला स्पीकर त्याच्या निम्म्यावरच दम टाकतो. कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर यायला लागते आणि आवाज फडफडतो. १० इंचीला ६ मिलिमीटरच्या थोडं वर, १५ इंचीला अडीच मिलिमीटरच्या आसपास. आणि १० इंची आठ स्पीकर एकत्र असतील तर प्रत्येकाला पुरता १ मिलिमीटरही हलावं लागत नाही. त्या ८ इंची स्पीकरला मागून ५० वॅट द्या किंवा ५००, तो मर्यादेपलीकडे सरकू शकत नाही. जास्तीचे वॅट कॉइल तापवण्यात जातात, आणि तापलेल्या कॉइलचा रोध वाढून आवाज आणखी खाली येतो.

पेटीला पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेलं भोक, असेल तर ठरावीक फ्रिक्वेन्सीजवळ पोर्टमधली हवा कोनचं बरंच काम उचलते. पण त्याच्या खाली गेलं की कोनला काही आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो. काही ॲम्पवर अगदी तळातला भाग कापणारा फिल्टर दिलेला असतो. तो ३५-४० हर्ट्झवर ठेवला की तळहाताच्या आपटण्याने, तार ओढल्याने होणारी निरुपयोगी हालचाल थांबते आणि खऱ्या सुरासाठी जागा मोकळी होते. आवाज वाढवण्यासाठी तळ कापायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा करून पाहिलं की पटतं.

स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये हॉफमनचा लोखंडी नियम म्हणून एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हे जोसेफ अँटन हॉफमन. लहान पेटी, खोलवर जाणारा बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, असा तो नियम. बेस ॲम्पचा सगळा इतिहास या नियमाशी घातलेली झटापट आहे.

१९५१ मध्ये फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प काढला. १५ इंची एक स्पीकर आणि सुमारे २६ वॅट. त्याच दशकात बासमनमध्ये १० इंची चार स्पीकर आले, आणि तो बेसपेक्षा गिटारवाल्यांनाच जास्त भावला. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ साली पहिला ॲम्प बनवला तो याच बासमनच्या सर्किटवरून. रॉक गिटारच्या गर्जनेचं मूळ असं एका बेस ॲम्पमध्ये आहे. तिकडे एव्हरेट हल या डबल बेस वादकाने उभ्या केलेल्या ॲम्पेग कंपनीने १९६० साली बी-१५ काढला. १५ इंची एक स्पीकर, २५ वॅटच्या आसपासची ताकद, आणि काम झालं की ॲम्प उलटा करून पेटीच्या पोटात ठेवायची सोय. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन क्लबमध्ये हाच ॲम्प वापरत. २५ वॅट तेव्हा पुरत, कारण क्लब लहान होते, ड्रमर बेताने वाजवत आणि गिटारचे ॲम्पही लहानच होते.

साठच्या दशकाच्या शेवटी गिटारवाले १०० वॅटचे ॲम्प आणि माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या भिंती घेऊन उभे राहिले, आणि हा समतोल मोडला. ॲम्पेगने १९६९ मध्ये दिलेलं उत्तर म्हणजे एसव्हीटी: १४ व्हॉल्व्ह, ३०० वॅट, चाळीसेक किलोचं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प, आणि त्याखाली १० इंची आठ-आठ स्पीकरच्या कॅबिनेट. त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर रोलिंग स्टोन्सनी हे ॲम्प नेले होते. एसव्हीटीबद्दल बोलताना सगळे ३०० वॅटचं कौतुक करतात. मला त्याच्या खालच्या त्या आठ स्पीकरचं जास्त कौतुक वाटतं. प्रत्येकाने थोडंच हलायचं, पण सगळ्यांनी मिळून हवेची आख्खी भिंत ढकलायची. आणि इतके कोन एका ठिकाणी आले की ते एकमेकांना साथ देतात, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त निघतो.

आज चित्र पालटलं आहे. क्लास-डी तंत्राच्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर स्विचसारखे पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतात, त्यामुळे उष्णतेत वाया जाणारी ताकद फार थोडी. ५०० वॅटचं हेड गिटारच्या बॅगेच्या खिशात मावतं आणि ३ किलोपेक्षाही हलकं असतं. निओडिमियम चुंबकांमुळे कॅबिनेटचं वजनही उतरलं. वॅट एवढे स्वस्त आणि हलके झाले म्हणूनच त्यांच्यामागे धावणं सोपं झालंय. हवा मात्र पूर्वीइतकीच हलवावी लागते, आणि तिच्यासाठी कोनचं क्षेत्रफळ लागतंच. म्हणून पैसे मोजके असतील तर माझा कौल दुसऱ्या कॅबिनेटला.

एक उदाहरण घेऊ. कॉम्बोवर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या संचावर, लिहिलंय १०० वॅट, ४ ओहम. आतला स्पीकर मात्र ८ ओहमचा. असे कॉम्बो सर्रास मिळतात, आणि एकटा असताना असा ट्रान्झिस्टर ॲम्प साधारण ६०-६५ वॅटच देत असतो. मागच्या जॅकला ८ ओहमची दुसरी कॅबिनेट जोडली की दोन्ही मिळून भार ४ ओहम होतो आणि ॲम्प पूर्ण १०० वॅट देतो. हे झाले जवळजवळ २ डेसिबल. वर, तशाच स्पीकरची कॅबिनेट असेल तर कोनचं क्षेत्रफळ दुप्पट झाल्याचे ३ डेसिबल. एकूण ५. नुसता ॲम्प बदलून एवढं मिळवायचं तर तिप्पट वॅट लागले असते, आणि ते त्या एकट्या स्पीकरला सोसले नसते. कॅबिनेट विकत घेताना तिच्यावर किती वॅट लिहिलेत ते सगळे विचारतात. तो आकडा ती किती सोसेल हे सांगतो, किती वाजेल हे नाही. विचारायचं ते सेन्सिटिव्हिटी: १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. ९५ ऐवजी ९८ ची कॅबिनेट घेतली, तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्याचा फायदा तिथेच मिळाला.

जोडणीत मात्र हलगर्जीपणा नको. ॲम्पच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. ४ ओहमच्या दोन कॅबिनेट एकत्र लावल्या की भार २ ओहम होतो, आणि ४ ची मर्यादा असलेला ॲम्प एकतर बंद पडतो किंवा जळतो. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर मागचा स्विच कॅबिनेटच्या ओहमशी जुळवावाच लागतो, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा बळी जातो. हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, जॅकही तोच, पण आतली तार बारीक असते आणि तिच्यातून स्पीकरचा करंट गेला की ती तापते. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅबिनेट एकत्र लावून बेस आणखी पोकळ वाटला, तर एकीच्या तारा उलट्या जोडलेल्या असण्याची शक्यता पाहावी. एकीचा कोन बाहेर येताना दुसरीचा आत जात असेल तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दीड व्होल्टचा सेल केबलच्या दोन टोकांना क्षणभर लावला की कोन कोणत्या बाजूला हलतो ते डोळ्यांनी दिसतं.

आता खोली. ४१ हर्ट्झच्या स्वराची लांबी ८ मीटरच्या वर जाते, म्हणजे सरावाच्या खोलीत ती मावतच नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे भर घालतात, कुठे नाहीशा होतात. १३ फूट, म्हणजे ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी दणदणीत ऐकू येतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ विरतो. वादक नेमका खोलीच्या मध्यावर उभा असेल तर त्याला स्वतःचा खालचा एफ ऐकूच येत नाही, आणि भिंतीला टेकलेल्या ड्रमरला तोच असह्य होत असतो. एकजण वाढव म्हणतो, दुसरा कमी कर, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पाच पावलं सरकून पुन्हा ऐकल्याशिवाय ॲम्पला हात लावू नये.

ॲम्प कुठे ठेवलाय यावरही बरंच अवलंबून आहे. स्पीकरचा चेहरा मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लहर ८६ हर्ट्झपाशी मूळ लहरीच्या बरोबर उलट येऊन पडते, आणि डी तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा एफ अशक्त होतो. कॅबिनेट भिंतीला खेटून ठेवली तर हा खड्डा २०० हर्ट्झच्या आसपास सरकतो आणि त्याच्या खालच्या सगळ्या स्वरांना भिंतीचा आधार मिळतो. कोपऱ्यात ठेवली तर आणखी. एक पैसा खर्च न करता काही डेसिबल वाढतात. पोर्ट मागच्या बाजूला असेल तेव्हा तेवढी हातभर जागा सोडावी. कोपऱ्यात जास्तच घुमायला लागलं तर बेसचं बटण आणखी मागे घ्यावं. तेवढी ताकद वाचलीच.

आणि वादकाचे कान कुठे आहेत? लहान कॉम्बो जमिनीवर असतो, आपण त्याच्यापासून दोन हातांवर उभे, आणि मिडचा आवाज सरळ रेषेत गुडघ्यांवर जातो. खालचे स्वर सगळीकडे पसरतात, वरचे पसरत नाहीत. त्यामुळे आपल्याला नुसता घुमारा ऐकू येतो आणि समोर बसलेल्याला सूर स्पष्ट ऐकू येत असतात. ॲम्प मागे कलता करावा किंवा मजबूत खुर्चीवर, क्रेटवर चढवावा. जमिनीपासून उचलल्याने तळातला थोडा आवाज कमी होतो, पण स्वतःला ऐकू येण्यात जो फरक पडतो त्यापुढे ते नुकसान काहीच नाही.

आवाजाच्या या चढाओढीत कानांचा विचार सगळ्यांत शेवटी होतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास, तर १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत दोन-दोन तास सराव करणाऱ्या बँडने ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून बेसचा आवाज वाढवण्याआधी बाकीच्यांचा कमी करून पाहावा. गिटारवाल्याने आपल्या ॲम्पवरचा बेस उतरवला, की-बोर्डवाल्याने डाव्या हाताचे खालचे स्वर बेसकडे सोपवले आणि ड्रमरने जाड काठ्या बाजूला ठेवल्या, तर न वाढवलेला बेसही वर येतो. हे बोलायला अवघड जातं, कारण प्रत्येकाला आपलाच आवाज कमी वाटत असतो. पण चांगला बँड इथेच घडतो. इअरप्लग सगळ्यांनीच घालावेत; संगीतकारांसाठीचे प्लग सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्याच कमी करतात, त्यामुळे बेस उलट जास्त स्पष्ट कळतो.

मोठ्या मंचाची गोष्ट वेगळी. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर बीटल्स वाजले, तेव्हा मंचावर व्हॉक्सचे १०० वॅटचे ॲम्प होते आणि गाण्याला स्टेडियमचे स्पीकर. किंकाळ्यांपुढे कुणालाच फारसं काही ऐकू आलं नाही. आज ते ओझं मंचावरच्या ॲम्पने वाहायचं नसतं. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की गोव्यातल्या लग्नातला बँड, ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड थेट मिक्सरला जातात. बेसही तसाच जावा, त्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डीआय बॉक्समधून. प्रेक्षकांना बेस ऐकवायचं काम समोरच्या सबवूफरचं, ॲम्प फक्त आपल्या आणि ड्रमरच्या कानांसाठी. ही वाटणी एकदा मान्य केली की १०० वॅटचा कॉम्बोसुद्धा मैदानातल्या कार्यक्रमाला पुरतो. उलट मंचावर ॲम्प जास्त चढवला तर त्याचा घुमारा गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि साउंडवाल्याला समोरचा बेस खाली आणावा लागतो.

ॲम्पच्या मागे डीआयचा जॅक असेल तर त्याच्याजवळ प्री आणि पोस्ट असा स्विच पाहावा. प्रीवर ठेवला की टोनच्या बटणांआधीचा सिग्नल मिक्सरला जातो, आणि कार्यक्रमाच्या मध्येच आपण मंचावर मिड वाढवला तरी साउंडवाल्याने जमवलेला बेस बिघडत नाही. गुणगुण येत असेल तर शेजारचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघावं. साउंड चेकला ई तारेवर खालपासून एकेक फ्रेट सारख्याच जोराने वाजवत वर जावं आणि कोणता स्वर उसळतो, कोणता बुडतो ते साउंडवाल्याबरोबर समोर उभं राहून ऐकावं. केबल तेवढी लांब नसेल तर बँडमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती बेस द्यावा.